चौथ्या पॅनलची वॉरंटी

सांगलीत विश्रामबागला आमचं घर आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आम्ही छतावर सोलर बसवलं. शेजारच्या अण्णांनीही त्याच आठवड्यात, त्याच माणसाकडून, अगदी तेच घेतलं: ५४० वॅटची सहा पॅनलं आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर. दोघांनी मिळून घेतलं तर भाव पाडता येईल हा अण्णांचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांचं अनुदान दोघांच्याही खात्यात जमा झालं. व्हेंडर जाताना हातात एक प्लॅस्टिकची फाइल देऊन गेला. म्हणाला, "काकू, आता पंचवीस वर्षं बघायचं नाही बघा."

पतसंस्थेत चोवीस वर्षं खतावण्या जुळवलेल्या बाईला कुणी "बघायचं नाही" म्हटलं की तिने आधी बघायला हवं. मी बघितलं नाही. मिक्सर, फ्रिज आणि गिझरची कार्डं ज्या कप्प्यात असतात त्यात ती फाइल गेली.

२०२५ चा मे आठवत असेल. त्याला उन्हाळा म्हणायची सोय नव्हती. वळीव सुरू झाला तो मान्सूनला जाऊनच मिळाला. एका संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या नारळावर वीज पडली. आमचे हे धावत जाऊन टीव्हीची पिन काढून आले. सोलर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढे चार महिने ढगच होते, त्यामुळे इन्व्हर्टरच्या ॲपवर आकडा कमी दिसला तरी सगळ्यांचाच कमी असणार असं आम्ही गृहीत धरलं.

दसऱ्यानंतर ऊन पडलं. अण्णा सकाळी फिरून आले की कट्ट्यावर बसून कालची युनिटं सांगतात, ही त्यांची नवी सवय. "आमचं तेरा पॉइंट चार. तुमचं?" आमचं १२.६ होतं. दुसऱ्या दिवशी १३.१ आणि १२.४. अण्णा म्हणाले, धुवायला झाली असतील. दोन्ही छतांवरची पॅनलं धुतली. फरक होता तिथेच. मग मी वहीत दोन रकाने आखले आणि दहा दिवस लिहीत राहिले. फरक कधी सहा टक्के, कधी साडेपाच. धूळ किंवा सावली असती तर तो कमीजास्त झाला असता. रोज तेवढीच तफावत येते तेव्हा कुठली तरी एकच नोंद राहिलेली असते, हे मला पतसंस्थेनं शिकवलंय.

मग ती फाइल बाहेर आली.

आत "वॉरंटी" नावाचे चार कागद होते आणि त्यांवर तीन वेगवेगळी माणसं बांधील होती. पॅनलच्या कंपनीचे दोन: एक मालाच्या दोषाबद्दल, १२ वर्षांचा, दुसरा वीजनिर्मितीबद्दल, २५ वर्षांचा. व्हेंडरच्या तोंडातली पंचवीस वर्षं ती ही दुसरी. इन्व्हर्टरच्या कंपनीचा कागद ५ वर्षांचा, आणि त्याच्या वायफायच्या डोंगलला त्यातही एकच वर्ष. आणि शेवटी व्हेंडरबरोबर केलेला करार, ज्यावर माझीच सही होती आणि जो मी तेव्हा वाचला नव्हता. योजनेखाली बसवणाऱ्याला ५ वर्षं देखभाल करावी लागते, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. लोखंडी सांगाडा, वायरिंग, आर्थिंग यांचा वाली कुणी असेल तर तो एवढाच कागद.

मुदत कधी सुरू होते तेही प्रत्येकाचं वेगळं. मी बिलाची तारीख धरून बसले होते, डिसेंबर. पॅनलच्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं: कारखान्यातून माल निघाल्याची तारीख. आमची पॅनलं जुलैत निघाली होती आणि पाच महिने व्हेंडरच्या गोदामात पडून होती. म्हणजे पहिला दिवा लागायच्या आत वॉरंटीचे पाच महिने संपलेले. बारा वर्षांत पाच महिने काही फार नाहीत, पण आपण ज्याचे पैसे भरले ते दुसऱ्याच्या गोदामात झिजलं याची चुटपुट लागते.

तरी मी खुशीत होते. निर्मितीच्या वॉरंटीत लिहिलं होतं की पहिल्या वर्षी घट २ टक्क्यांपेक्षा जास्त होणार नाही, पुढे दरवर्षी ०.५५ टक्के. आमची घट सहा टक्के! कंपनीला ईमेल केला, वहीच्या पानांचे फोटो जोडले, आणि आता पॅनल बदलून येणार म्हणून निश्चिंत झाले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. अगदी नम्र होतं. त्यांचं म्हणणं असं की वॉरंटी युनिटांची नसते, पॅनलच्या वॅटची असते. हे वॅट प्रमाण परिस्थितीत मोजायचे: दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश. मोजणी त्यांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत व्हायला हवी, मोजणीतली ३ टक्क्यांची कमीजास्त ग्राहकाने सोसायची, आणि दावा टिकला नाही तर तपासणीचा आणि वाहतुकीचा खर्चही ग्राहकाचा.

मी त्या २५ अंशांवर बराच वेळ अडकले. सांगलीत २५ अंश म्हणजे डिसेंबरातली सकाळ, आणि तेही हवेचं. दुपारी काळ्या पॅनलला हात लावून बघा, चटका बसतो; आतला सेल ६०–६५ अंशांना सहज जातो. आमच्या पॅनलच्या माहितीपत्रकात लिहिलंय की २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के वीज कमी होते. ६५ अंश धरले तर ४० गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के. ५४० चे झाले ४६४. आता पंचविसाव्या वर्षाचा हिशेब करा: पहिल्या वर्षानंतर ९८ टक्के, त्यातून २४ वर्षांचे १३.२ गेले, उरले ८४.८ टक्के, म्हणजे ४५८ वॅट. कोरं करकरीत पॅनल पहिल्याच एप्रिलमध्ये छतावर जेवढी वीज देतं, जवळजवळ तेवढाच आकडा कंपनीने पंचविसाव्या वर्षासाठी लिहून दिलाय, फक्त तो थंड खोलीतला आहे. त्यामुळे छतावरच्या आकड्यांवरून घट सिद्ध करायला जाणारा माणूस पहिल्याच वाक्यात अडकतो. आणि साडेसात फूट लांबीचं, सत्तावीस-अठ्ठावीस किलोचं पॅनल उतरवून, न फुटता प्रयोगशाळेत पाठवणार कोण?

ती पंचवीस वर्षं खोटी नाहीत. हजार पॅनलं असलेल्या कारखान्याला त्या वॉरंटीचा उपयोग होत असेल. सहा पॅनलवाल्या घराने तिच्या भरवशावर व्हेंडर निवडू नये, एवढं मी म्हणेन.

व्हेंडरला फोन लावला. आधी "पावसाळ्यात असं होतंयच" झालं, मग "ॲपचं काय खरं नसतंय" झालं. करारातलं देखभालीचं कलम वाचून दाखवल्यावर मात्र दोन दिवसांत त्याने एक पोरगा पाठवला. वय असेल तेवीस-चोवीस, आयटीआय केलेला, आणि कामाला चोख. छतावर जायच्या आधी त्याने आमचा आणि अण्णांचा मोबाइल शेजारी शेजारी ठेवला आणि मी महिनाभर ॲपमध्ये ज्या ओळीकडे बघितलंच नव्हतं ती दाखवली. पॅनलकडून येणारा दाब. अण्णांचा २२३ व्होल्ट, आमचा २१०. करंट दोघांचा सारखा.

"काकू, धूळ असती तर करंट पडला असता. व्होल्टेज पडलंय म्हणजे कुठलं तरी पॅनल अर्धवट झोपलंय."

वर गेल्यावर त्याने आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच पाडला, मग डीसीचा, आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिला. चालू लाइनवर जोड ओढला तर जाळ होतो म्हणे. मग पॅनलांच्या पाठीमागचे काळे जोड एकेक करून प्लॅस्टिकच्या चावीने सोडवले आणि मीटर लावत गेला. मी वही धरून बसले. ४५.१. ४५.३. ४४.९. चौथ्याला मीटर लावला तर ३०.२. त्याने टोकं पुसून पुन्हा लावला. ३०.२. पाचवं ४५.०, सहावं ४५.२.

तो हसलाच. "बरोब्बर तिसरा हिस्सा गेला बघा." पॅनलचे आतून तीन भाग असतात आणि प्रत्येकाला एक डायोड. एखाद्या भागावर सावली पडली तर करंटला बाजूने वाट काढून देणं हे त्याचं काम. तो डायोड जळून आतून कायमचा चिकटला की वाट कायमची उघडी राहते आणि तो भाग असून नसल्यासारखा. सहा पॅनलांचे अठरा भाग, त्यातला एक गेला. एक भागिले अठरा, साडेपाच टक्के. माझी नोंद सापडली. इतका आनंद मला शेवटच्या ऑडिटनंतर झाला नव्हता.

पोरगा म्हणाला, डायोड शंभर-दोनशे रुपयांचा असतो, तो ज्यात असतो ती पॅनलमागची डबी फोडून बघू का? ती काळी डबी आतून रबरासारख्या लुकणाने भरलेली असते. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण वॉरंटीचा कागद काही दिवसांपूर्वीच वाचलेला: कंपनीच्या माणसाशिवाय कुणी पॅनल उघडलं, त्याला भोक पाडलं किंवा मागची नंबराची पट्टी खरवडली तर वॉरंटी संपली. डबी तशीच राहू दिली. मीटर लावून बघायचं काम मात्र त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं आणि मोबाइलवर चित्रण केलं: आधी पॅनलचा नंबर, मग मीटर, मग शेजारचं चांगलं पॅनल आणि त्याचा मीटर. पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं ते हे दीड मिनिट.

आता दावा बारा वर्षांच्या वॉरंटीत बसत होता. माल सदोष आहे, एवढंच म्हणायचं. प्रयोगशाळा नाही, अंश नाहीत. आधीचा ईमेल मी चुकीच्या दारावर नेऊन टाकला होता. कंपनीच्या अर्जात बिल, चालू केल्याचं प्रमाणपत्र, मागच्या पट्टीचा फोटो, मीटरचं चित्रण आणि पॅनलचा नंबर मागितला होता. नंबर मागच्या पट्टीवर असतो आणि पुढच्या बाजूला काचेच्या आतही कडेला बारकोडसह छापलेला असतो. बाहेरची पट्टी उन्हापावसात उडते, काचेतला कुठे जात नाही. ओढणीने कड पुसली, सोळा आकडे दोनदा वाचून लिहिले आणि फाइलमधल्या सहा नंबरांच्या यादीशी ताळा करायला बसले.

चौथ्याचा नंबर यादीत नव्हता.

बाकीचे पाच होते. यादीतला सहावा नंबर आमच्या छतावर कुठेच नव्हता. मी अण्णांकडे गेले. त्यांची फाइल पेपरच्या गठ्ठ्याखालून निघाली, आणि तिच्यात माझ्या चौथ्याचा नंबर व्यवस्थित छापलेला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बिघडलेलं आमचं, आणि आमच्याकडे आहे ते तुमचं?" दोन घरांची बारा पॅनलं एकाच टेम्पोतून आली आणि एकाच भिंतीला टेकवून ठेवली होती, तेव्हा एक इकडचं तिकडे गेलं असणार.

व्हेंडरला यात काही विशेष वाटलं नाही. "त्यानं काय होतंय काकू, दोन्ही आमचीच कामं." पण कंपनीच्या दृष्टीने मी दुसऱ्याच्या मालावर दावा सांगत होते. पॅनल पहिल्यांदा जिथे बसवलं तिथून हलवलं तर वॉरंटी जाते, असंही एक कलम आहेच. योजनेच्या पोर्टलवर व्हेंडरने दोन्ही घरांचे नंबर याद्यांप्रमाणे चढवलेले. चुकीची दुरुस्ती लेखी द्यायला तो तयार होईना, कारण मग चूक त्याची ठरत होती. दोन आठवडे यातच गेले. शेवटी अण्णा स्वतः त्याच्या दुकानात जाऊन बसले. अण्णा रागवत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते बसतात. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी लेटरहेडवर पत्र मिळालं की बसवतानाच दोन नंबरांची अदलाबदल झाली, नंतर पॅनल हलवलेलं नाही. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

सगळं पाठवलं. दहा दिवसांनी नकार आला. डायोड विजेच्या लोळाने गेलेला दिसतो. नैसर्गिक आपत्ती वॉरंटीत येत नाही. त्या यादीत वीज, गारा, पूर, भूकंप, दगड, पक्षी, उंदीर, माकडं आणि "तत्सम" हे सगळं होतं.

नारळ मला आठवलाच. त्यांचं म्हणणं खोटं असेलच असं नाही, हेही मला कळत होतं. पण दिसतो म्हणजे कुणाला दिसतो? त्यांचं माणूस आलंच नव्हतं. इन्व्हर्टरशेजारच्या डीसी बॉक्समध्ये विजेचा धक्का अडवणारा सर्ज प्रोटेक्टर असतो आणि त्याला एक इवलीशी खिडकी असते. धक्का खाऊन तो कामातून गेला की हिरवी खिडकी लाल होते. आमची हिरवीगार होती. खिडकी हिरवी म्हणून वीज आलीच नाही असं सिद्ध होत नाही, पण आली असं म्हणायलाही काही उरत नाही. तिचा फोटो, इन्व्हर्टर धडधाकट असल्याचा ॲपचा अहवाल आणि त्याच ओळीतल्या बाकी पाच पॅनलांची मापं जोडून मी एकच प्रश्न विचारला: तुमचा निष्कर्ष कुठल्या तपासणीवरून काढला, त्याचा अहवाल पाठवा. खाली हेही लिहिलं की उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार करेन आणि पुढे जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे माझ्या हातात वेळ होता. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नसतं. धमकी कमी, माहिती जास्त, असा सूर ठेवला. थकबाकीदारांना पत्रं लिहून लिहून तो बसलेला आहे.

अहवाल आला नाही. डिसेंबरच्या शेवटी मंजुरीचं पत्र आलं, आणि त्यात "विशेष बाब व सदिच्छा म्हणून" असे शब्द होते. म्हणजे वॉरंटीत बसतं असं त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं नाही. हे म्हणाले, पॅनल मिळतंय ना, शब्दांचं काय करायचंय तुला? करायचं काही नव्हतं, पण मी त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

पॅनल मंजूर झालं म्हणजे छतावर आलं असं नाही. कंपनी ते गोदामातून देणार. तिथून सांगलीपर्यंतचं भाडं, जुनं उतरवणं, नवं चढवणं या कशालाच ती बांधील नाही. इथे पुन्हा व्हेंडरचा करार उपयोगी पडला. भाडं अर्धं अर्धं करू म्हणाला, मी कलम वाचलं, मग "बरं" म्हणाला. देखभालीच्या पाच वर्षांनंतर हेच झालं असतं तर मजुरी आणि टेम्पो माझ्या गळ्यात पडला असता, आणि साडेपाच टक्के विजेसाठी तो खर्च परवडला नसता. कागदावरची बारा वर्षं आमच्यापुरती खरं तर पाचच आहेत, हे मला त्या टेम्पोच्या भाड्यावरून कळलं.

५४० ची ती जात बंद झाल्यामुळे ५५० चं आलं. वाढीव दहा वॅटचा फायदा फारसा नाही. एका माळेत बाकीच्या पाचांच्या चालीनेच त्याला चालावं लागतं. बदली मालही देशी सेलचाच आहे, असं पत्र मागून घेतलं, कारण अनुदान त्याच अटीवर मिळालेलं. आणि बदलून आलेल्या पॅनलला नवी बारा वर्षं मिळत नाहीत. जुन्याची उरलेली मुदत त्याच्या नावावर चालू राहते. जानेवारीतल्या संक्रांतीनंतरच्या शनिवारी तोच पोरगा येऊन ते बसवून गेला. ॲपवर २२३. अण्णांचं २२४.

पोर्टलवरचे नंबर अजून दुरुस्त झालेले नाहीत. व्हेंडर दर आठवड्याला "या आठवड्यात" म्हणतो. तोवर मी दोन्ही घरांच्या बाराही पॅनलांचे नंबर, काचेतून वाचून, एका पानावर लिहून दोन प्रती काढल्यात. एक अण्णांच्या फाइलमध्ये आहे.

जुनं पॅनल कंपनीचं. बदली दिल्यावर सदोष माल त्यांच्या मालकीचा होतो आणि तो त्यांनी येऊन न्यायचा, असं कागदावर आहे. अजून कुणी आलेलं नाही. उन्हात ठेवलं तर त्यात अजूनही तीस व्होल्ट येतात, म्हणून जोडांच्या टोकांना टेप लावून ते छतावर पालथं ठेवलंय. परवा वहिनींनी त्याच्यावर जुनी साडी अंथरून पोह्याचे पापड घातले. त्या म्हणतात, तसंही ते आमचंच होतं.